बरंच झालं कसं?

व्हिएन्नाचा 'रुस्काया' हा बँड २०२३ साली बंद झाला. "रशियन होते ना? मग बरंच झालं!" हे वाक्य मी आमच्याच गोतावळ्यातल्या एका शिकल्यासवरल्या माणसाकडून ऐकलंय. (नाव सांगत नाही, ते हे वाचतातच!) म्हणून आज जरा भांडायचं ठरवलंय.

पहिली गोष्ट, हा बँड रशियाचा नव्हताच. गायक गेओर्गी माकाझारिया मॉस्कोत जन्मलेला, हे खरं. पण बँड २००५ साली ऑस्ट्रियात सुरू झाला. तिथल्या टीव्हीवर एका विनोदी गप्पांच्या कार्यक्रमात ही मंडळी वर्षानुवर्षं वाजवत होती. ट्रम्पेट, व्हायोलिन आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र, आणि वेग असा की बसून ऐकणं अशक्य. आपल्या या प्रकाराला ते 'टर्बो पोल्का' म्हणायचे.

आता या 'रशियन' संगीतात काय काय आहे ते बघा. पोल्का मूळची बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातली. १८३०च्या दशकात ती प्रागमध्ये गाजली आणि मग युरोपभर पसरली. स्का जमैकाचं, १९५०च्या दशकाच्या शेवटाचं. पंक न्यूयॉर्क-लंडनचं, १९७०च्या दशकातलं. रशियन लोकगीतांच्या चाली आहेतच. आणि २००८च्या अल्बमच्या नावात जो 'कझाचोक' आहे, तो नाच कोसॅकांचा, युक्रेनच्या मातीत रुजलेला. घ्या! कोणाकोणाला हाकलणार?

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. हा बँड सोव्हिएत थाटाची, चिन्हांची टिंगल करायचा. टिंगल चालते ती भूतकाळाची. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियन फौजा युक्रेनवर चालून गेल्या आणि तो भूतकाळ रणगाड्यात बसून परत आला. ज्याच्या घरावर क्षेपणास्त्रं पडतायत त्याने ही चिन्हं बघून हसावं, अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. हे नाव आणि ही चिन्हं घेऊन आता वाजवणं शक्य नाही, असं बँडनेच सांगितलं. चिन्हांबद्दल ते बरोबरच होतं.

पण नावाचं काय? 'रुस्काया' म्हणजे नुसतं 'रशियन', तेही स्त्रीलिंगी. ते कुठल्या पक्षाचं नाव नाही, सैन्याचं नाही. या युद्धाला विरोध केला म्हणून रशियात तुरुंगात गेलेले लोकही रशियनच बोलतात. युक्रेनमध्येही कितीतरी घरांत ती भाषा बोलली जाते. क्रेमलिनचा दावा नेमका हाच आहे की जे जे रशियन, ते ते आमचं. आणि आपण दूर बसून, मोठी नैतिक भूमिका घेतल्याच्या समाधानात, त्या दाव्यावर सही करतो. भाषा, नाच, गाणी, सगळं पुतिनला आंदण देऊन टाकतो. वर म्हणतो, बरंच झालं!

'कलेत राजकारण आणू नका' या छापाचं मी काही म्हणत नाहीये. कोणी स्टेजवरून युद्धाची भलामण करत असेल तर त्याला जरूर जाब विचारा. पण जाब कृतीचा विचारायचा असतो, आडनावाचा किंवा जन्मगावाचा नाही. या बँडने २०१९ साली काढलेल्या अल्बमचं नाव होतं 'नो वन इज इल्लीगल'. कोणीही माणूस बेकायदा नसतो, असं म्हणणारे हे लोक. त्यांना स्वतःचंच नाव जड व्हावं, यात आनंद वाटण्यासारखं काय आहे?

बँड बंद करणं हा त्यांचा निर्णय, तो त्यांना लखलाभ. माझं भांडण आपल्या टाळ्यांशी आहे. युद्ध थांबावं असं वाटत असेल तर त्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. ट्रम्पेट बंद पडल्याने एकही तोफ बंद पडलेली नाही.