चौकटी, बाण आणि न आलेला ओटीपी

मंडळी, परवा भाच्याशी चांगलंच वाजलं. तो संगणकवाला. एका नव्या संकेतस्थळाचा आराखडा कौतुकाने दाखवत होता. लॉगिन, अर्ज, ओटीपी, पावती अशा चौकटी, आणि बाण सगळे डावीकडून उजवीकडे. मी विचारलं, "ओटीपी आलाच नाही तर?" म्हणतो, "मामा, ते प्रोग्रामर बघून घेतील."

हे 'बघून घेतील' मला डाचतं. गेल्या वर्षी पेन्शनच्या कागदांत सौ.ची जन्मतारीख दुरुस्त करायची होती (संकेतस्थळाचं नाव नको). ओटीपी उशिरा आला, मी 'मागे' दाबलं आणि भरलेलं सगळं गेलं. तीनदा. उद्या माझं काही झालं तर त्याच तारखेवर तिचं पेन्शन अडणार आहे हो!

शाळेत सहलीची सूचना काढताना 'बस चुकल्यास' हे वाक्य आम्ही आधी लिहायचो. स्वीडनच्या इवार याकोबसन यांनी १९९२ च्या पुस्तकात 'यूज केस' मांडली. वापरणारा काय करतो, यंत्रणा काय उत्तर देते, हे साध्या वाक्यांत. पुढे अ‍ॅलिस्टर कोबर्न यांनी तिला शिस्त लावली: वर सुरळीत पार पडणाऱ्या पायऱ्या, खाली '३अ', '३आ' असे बिघाडाचे फाटे. खालचा भाग वरच्यापेक्षा लांबतो. लांबू दे की!

भाचा म्हणतो, आता यूजर स्टोरी लिहितात. 'अमुक म्हणून मला तमुक हवं', एका कार्डावर. कार्ड ही फक्त आठवण, खरं ठरतं ते बोलण्यात, असं तिचे पुरस्कर्ते सांगतात. मान्य. पण बोलता कोणाशी? मला तर कुणी विचारलं नाही.

चित्रांवर माझा सरसकट राग नाही. डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ च्या स्टेटचार्टमध्ये अनेक अवस्थांभोवती एक मोठी चौकट काढून तिच्यातूनच एक बाण नेता येतो: आत कुठेही असा, वेळ संपली की इकडे या. म्हणजे चित्रातही सोय आहे, काढणाऱ्याला अडचण सुचली पाहिजे. वाक्य लिहिताना ती सुचते, कारण 'तर'पुढे काहीतरी लिहावंच लागतं.

असो. भाच्याने शेवटी कागदावर लिहिलं: '३अ. ओटीपी दोन मिनिटांत न आल्यास'. पुढे कोरं आहे. रविवारी जेवायला येतोय, तेव्हा बसवून लिहून घेणार आहे.