नळीच्या वाटेवरचे मावळे

पहिल्याच भटकंतीत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणाऱ्या नवख्याचे कौतुक आपल्याकडे ‘मावळ्याचे रक्त’ असल्या शब्दांत होते. आम्हांस हे कौतुक घातक वाटते. मावळा डोंगरातच वाढलेला होता; शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघालेला, गुळगुळीत तळव्यांचे बूट घातलेला आणि लिटरभर पाण्यावर विसंबलेला कारकून नव्हता. बेलपाड्यापासून कोकणकड्याच्या माथ्यापर्यंत जवळजवळ हजार मीटरांची चढण, तीही सुट्या दगडधोंड्यांच्या घळीतून. वरच्याच्या पायाखालून निसटलेला धोंडा खालच्याच्या डोक्यावर येतो. शिवाय चढून गेलेला कातळटप्पा उतरणे अधिक कठीण, हे नवख्यास वर अडकल्यावरच कळते. याला साहस म्हणणे म्हणजे अज्ञानाला पदक देणे होय.

आम्हीही ऐन विशीत असेच गेलो होतो. दुपारीच पाणी संपले, अंधारात वाट हरवली. पायथ्याच्या गावातला एक गृहस्थ (दिवसभर शेतात राबलेला!) दोर आणि कळशीभर पाणी घेऊन वर आला, तेव्हा आमची सुटका झाली. पुढे आम्ही त्या भटकंतीवर लेख लिहिला. त्यात कोकणकड्यावरचे चांदणे होते. दोर आणि गृहस्थ दोन्ही नव्हते. तो वाचून कितीजण त्या घळीत शिरले असतील, कोण जाणे.