विमानतळांचे दर ठरतात, कामगाराला विचारतो कोण?

विमानतळांच्या दराशी रेल्वे कामगारांचा काय संबंध, असे आमच्या काही साथींना वाटेल. संबंध आहे. रेल्वेसाठीही विकास प्राधिकरण नेमण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ साली मंजुरी दिली होती. विमानतळांवर जे झाले ते आम्ही म्हणूनच डोळे उघडे ठेवून पाहतो.

दिल्ली व मुंबईचे विमानतळ २००६ साली खाजगी कंपन्यांच्या हाती गेले. त्या फेब्रुवारीत विमानतळ कामगारांनी देशभर संप केला, तरी सरकार बधले नाही. मग २००८ साली आर्थिक नियमनाचा कायदा झाला. मक्तेदाराने मनमानी वसुली करू नये, हा हेतू वाईट नव्हता. प्राधिकरणाने दर न ठरवता चाललेली विकास शुल्काची वसुली सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बेकायदा ठरवली, ती याच कायद्याच्या आधारे.

पण हिशेब कसा मांडतात तो पाहा. गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा, घसारा, चालवण्याचा खर्च आणि कर यांची बेरीज करायची. त्यातून दुकाने, जाहिराती, वाहनतळ यांच्या उत्पन्नापैकी फक्त ३० टक्के वजा करायचे. २०१६ च्या धोरणाने हे प्रमाण ठरवून दिले. जमीन जनतेची, गिऱ्हाईक प्रवासी, आणि ७० टक्के उत्पन्न हिशेबाबाहेर! भांडवलाचा परतावा असा पक्का. कामगाराचे वेतन मात्र ‘खर्चा’च्या रकान्यात, म्हणजे कात्री लावायची जागा. सामान चढवणारे आणि झाडलोट करणारे हात ठेकेदाराकडून का घेतले जातात, याचे उत्तर या रकान्यात सापडते.

सुधारणा झाल्या, नाही असे नाही. २०१९ साली प्राधिकरणाच्या कक्षेची मर्यादा वर्षाला १५ लाख प्रवाशांवरून ३५ लाखांवर नेली, म्हणजे लहान विमानतळ कक्षेबाहेर गेले. निविदेतच दर लिहिलेला असेल तर तो ठरवण्याचा अधिकारही काढून घेतला. फक्त आधी सल्ला घ्यायचा. २०२१ साली अनेक विमानतळांचा एक गट करण्याची सोय झाली. फायद्याच्या विमानतळाला तोट्याचा जोडून विकणे त्यामुळे सोपे झाले.

या सगळ्यात कायद्याच्या दुसऱ्या कलमातल्या ‘हितसंबंधी’च्या व्याख्येला कोणी हात लावला नाही. ‘हितसंबंधी’ कोण, हे तिथे सांगितले आहे: विमानतळाचा परवानाधारक, विमान कंपन्या, सेवा पुरवणारे, आणि प्रवासी किंवा मालवाहतूक ग्राहकांच्या संघटना. कामगार संघटनेचे नाव त्या यादीत नाही. वेतन वाढले तर प्रवाशावर बोजा पडेल, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या, पण सुनावणीत आमच्या समोर म्हणा.

या कलमात मान्यताप्राप्त कामगार संघटनांचा समावेश करावा, आणि दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत कायम व कंत्राटी कामगारांची संख्या आणि त्यांना प्रत्यक्ष मिळणारे वेतन जाहीर करावे, ही मागणी महासंघाने संसदेच्या येत्या अधिवेशनापूर्वी सरकारपुढे ठेवावी, असे आम्ही सुचवतो.