क्रियापदापर्यंत न पोहोचणारा वाचक

संकेतस्थळासाठी 'परिणामकारक' मजकूर कसा लिहावा, याविषयीची जी नियमावली मराठी लेखनव्यवहारात आज प्रमाण मानली जाते, तिने गृहीत धरलेले वाक्य इंग्रजी आहे. मराठीचे अनुवादक आणि जाहिरातलेखक ती निःशंकपणे राबवतात; मराठी समीक्षेला तर तिची दखल घ्यावी असेही वाटलेले नाही.

या नियमावलीमागे याकोब नील्सन यांची निरीक्षणे आहेत. त्यांच्या चाचण्यांतील ७९ टक्के वाचक नवे पृष्ठ केवळ चाळत होते आणि शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ टक्के होते, असे त्यांनी १९९७ साली नोंदवले. वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचून नजर डाव्या कडेने खाली घसरते, असे २००६ सालच्या त्यांच्या अभ्यासात आढळले. त्यावरून नियम निघाला : महत्त्वाचे शब्द आरंभी ठेवावेत. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद आणि नकार येत असल्याने तो तेथे शोभतो. मराठीचे क्रियापद मात्र सामान्यतः वाक्यान्ती येते आणि नकारही त्याच्यासोबतच तेथे जातो. 'मुदतीनंतर आरक्षण रद्द केल्यास प्रवाशाने भरलेली रक्कम परत मिळणार नाही' हे वाक्य डाव्या कडेने चाळणाऱ्याच्या हाती रक्कम लागते, 'नाही' निसटते. निसटतो तो व्याकरणाचा तपशील नव्हे, वाचकाचा पैसा असतो.

संबोधनाचेही तेच. इंग्रजीतील एका मध्यमपुरुषी सर्वनामासाठी मराठीला तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावी लागते. त्यातही 'आपण' हे आदरार्थी आहे की बोलणाऱ्यालाही सामावून घेणारे, हे 'आहात' की 'आहोत' यावर, म्हणजे पुन्हा वाक्याच्या शेवटी ठरते. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अशा रीतीने सौजन्याच्या आवरणाखाली लपू शकतो.

वाक्ये आखूड केली की प्रश्न मिटतो, असा प्रतिवाद होईल. तो निम्माच खरा आहे. 'ही रक्कम परत मिळत नाही' असे लिहिता येते, आणि लिहिलेच पाहिजे. मराठीत आखूड वाक्याचे खरे समर्थन नकार नजरेच्या टप्प्यात आणणे हेच आहे. परंतु आखूडपणाचा लाभ बहुधा आमंत्रणाला मिळतो, अटींना नाही. 'आजच नोंदणी करा' तीन शब्दांत संपते. नोंदणीची बंधने मात्र इंग्रजी उपवाक्यांचे ओझे वाहत चार ओळी पसरतात.

वोल्फगांग इझर यांच्या १९७२ सालच्या ग्रंथाने संहितेतील अभिप्रेत वाचकाची संकल्पना समीक्षेला दिली. ती कादंबरीसाठी वापरणाऱ्या अभ्यासकांना, क्रियापदापर्यंत पोहोचणारच नाही असा वाचक अभिप्रेत धरणारी ही संहिता 'बाजारू' म्हणून वर्ज्य वाटते. ही सोवळेपणाची भूमिका आता परवडणारी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि प्राचीनतेच्या पुराव्यांचा यथोचित गौरव झाला. त्याच भाषेत बँक, विमा आणि प्रवास यांचे करार रोज वाचले जातात, किंबहुना न वाचताच मान्य केले जातात.

मजकूर परिणामकारक ठरवताना किती जणांनी होकार दिला एवढेच मोजले जाते. मराठी समीक्षेने त्याला दुसरा निकष लावावा : नकार देण्यासाठी जे कळायला हवे, ते वाचकाला वेळेवर कळले काय?