नस फुगली, पण दाखवायची कोणाला?

मराठीत ‘नस’ हा एक शब्द आपण किती गोष्टींना वापरतो! मान आखडली की नस दबलेली असते, पोटरीत गोळा आला की नस चढलेली असते आणि गुडघ्याखाली निळसर, वेड्यावाकड्या गाठी दिसू लागल्या की नस फुगलेली असते. यातली पहिली गोष्ट मज्जातंतूची, दुसरी स्नायूची आणि तिसरी रक्तवाहिनीची. शब्द एकच असल्यामुळे रुग्णाची वाट तिथेच चुकायला लागते. कोणी हाडांच्या डॉक्टरकडे जातो, कोणी मालिश करून घेतो, आणि अलीकडे बरेच जण मोबाइलवर दिसलेल्या ‘अर्ध्या तासात लेझर, संध्याकाळी घरी’ अशा जाहिरातीवरचा नंबर फिरवतात. फुगलेल्या शिरांचा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचा, रुग्ण आधी उपचाराची पद्धत पसंत करतो आणि मग ती करणारा डॉक्टर शोधतो. हा क्रम उलटा आहे आणि तो महागात पडतो, असे माझे ठाम मत आहे. आधी पाय नीट तपासणारा डॉक्टर निवडायला हवा. लेझर, इंजेक्शन, शस्त्रक्रिया की यातले काहीच नको, हे त्या तपासणीतून ठरले पाहिजे.

असे का, हे समजायला आजाराचे मूळ पाहावे लागते. हृदय पायापर्यंत रक्त पोहोचवते. ते परत वर चढवण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळली की खोल शिरांतले रक्त वर सरकते आणि शिरांमधल्या झडपा ते खाली उतरू देत नाहीत. एखादी झडप निकामी झाली की रक्त उलटे खाली येते, शीर ताणली जाते आणि हळूहळू खालच्या झडपाही साथ सोडतात. घराण्यातून आलेला कल, वय, वजन, बाळंतपणे ही त्याची कारणे. तासन्‌तास उभे राहण्याने त्रास वाढतो. चौकातला वाहतूक पोलीस, केशकर्तनालयातला कारागीर, वॉर्डातली परिचारिका, इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागावर पाळी भरणारा कामगार यांना संध्याकाळी पाय शिशासारखे जड होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण डोळ्यांना दिसणारी गाठ हे या साखळीचे खालचे टोक असते. बिघाड पुष्कळदा वर असतो, जांघेत किंवा गुडघ्याच्या मागे, जिथे त्वचेजवळची शीर खोल शिरेला मिळते. पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसते तिथेच गळती असते असे नाही. गळती शोधण्याऐवजी ओलीवर रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात काय होणार हे घरमालकाला ठाऊक असते.

ही गळती शोधण्याचे साधन म्हणजे कलर डॉपलर सोनोग्राफी, आणि इथे एक बारकावा आहे जो रुग्णांना क्वचितच कोणी समजावून सांगतो. पायाचा डॉपलर दोन वेगळ्या प्रश्नांसाठी होतो. खोल शिरेत रक्ताची गुठळी आहे का, हा एक प्रश्न. झडपांतून रक्त उलटे वाहते का, हा दुसरा. पहिल्यासाठी रुग्णाला झोपवून तपासले तरी चालते. दुसऱ्यासाठी त्याला उभे करून, पोटरी दाबून सोडून, रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजावे लागते. त्वचेजवळच्या शिरांत ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिले तर झडप बिघडली असे धरतात. ‘गुठळी नाही’ एवढेच लिहिलेला अहवाल हातात घेऊन ‘डॉपलर नॉर्मल आहे’ असे समजणाऱ्याचा मुख्य प्रश्न विचारलाच गेलेला नसतो. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. खोल शीर जुन्या गुठळीने बंद असेल, तर फुगलेली वरची शीर हाच रक्ताचा पर्यायी रस्ता असू शकतो. तो न पाहता बंद करणे म्हणजे उपचाराने इजा करणे. म्हणून डॉक्टर निवडताना मी पहिली कसोटी हीच धरीन: त्याने रुग्णाला उभे करून पाय पाहिला का, कोणती शीर कुठपासून कुठपर्यंत बिघडली आहे हे अहवालात लिहून घेतले का, आणि पावलातल्या धमनीचे ठोके तपासले का? शेवटचा प्रश्न तंबाखू आणि मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या समाजात टाळताच येणार नाही. धमन्या अरुंद झालेल्या पायावर घट्ट दाबाचे मोजे चढवले तर पायाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. दुकानातून परस्पर मोजे विकत घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मग असा डॉक्टर कोणत्या पदवीचा? अडचण अशी आहे की या आजारावर एकाच शाखेची मालकी नाही. व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे एमएस नंतर रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत एमसीएच किंवा डीआरएनबी केलेला डॉक्टर, याचे प्रशिक्षण सर्वांत थेट. रेडिओलॉजीनंतर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत तयार झालेला डॉक्टरही सोनोग्राफीखाली सुई आणि तार चालवण्यात मुरलेला असतो. जनरल सर्जन फुगलेल्या शिरांचे ऑपरेशन पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. जाळीसारख्या बारीक लाल-निळ्या शिरांसाठी त्वचारोगतज्ज्ञ योग्य ठरू शकतो. पण नावापुढच्या अक्षरांच्या लांबच लांब माळेत मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी कोणती आणि थोड्या दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र कोणते, हे सामान्य माणसाला कळत नाही. त्यासाठी नोंदणी आहे. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि पदव्युत्तर पदवीही तिथे नोंदवावी लागते. ज्या शाखेत विशेष पात्रता नाही तिचे तज्ज्ञ म्हणवून घ्यायचे नाही आणि रुग्ण मिळवण्यासाठी दलाल नेमायचे नाहीत, ही बंधने 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणून फोनवर गोड बोलणारी ‘समन्वयक’ मंडळी ऑपरेशनची तारीख देतात पण ते कोण करणार याचे नाव सांगत नाहीत, तेव्हा तो संवाद तिथेच थांबवावा. रुग्णाला सर्जनचे नाव आधी कळणे हा त्याचा हक्क आहे.

यावर एक आक्षेप येईल: पदवी म्हणजे कौशल्य नव्हे. खरे आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत शिरेत लेझरची तार नेणे, शिरेभोवती भूल देणारे पातळ द्रव भरून त्वचा आणि मज्जातंतू उष्णतेपासून वाचवणे, ही हाताची कामे आहेत आणि ती सवयीने येतात. गुडघ्याखाली शिरेला चिकटून मज्जातंतू जातात. तिथे निष्काळजीपणा झाला तर पावलाला बधिरपणा येतो. म्हणून ‘तुम्ही स्वतः ही प्रक्रिया किती वर्षे करता, नंतर गुठळी होऊ नये म्हणून काय करता, पुन्हा तपासायला कधी बोलावता’ हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. पण पदवी पुरेशी नाही, म्हणून ती अनावश्यक आहे असे होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेझर हा आता सर्वमान्य उपचार आहे, मग लेझर करणारे केंद्र थेट गाठण्यात चूक काय? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2013 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत योग्य रुग्णासाठी लेझरसारख्या उष्णतेने शीर बंद करण्याला पहिली पसंती दिली आहे, मग शीर बंद करणाऱ्या फोमचे इंजेक्शन, आणि ही दोन्ही जमत नसतील तर शस्त्रक्रिया. पण त्याच सूचनांत या सगळ्याआधी डॉपलरने निदान पक्के करा असे म्हटले आहे. शिवाय पद्धतींमधला फरक जाहिरातीत भासतो तेवढा प्रचंड नाही. ब्रिटनमध्येच 798 रुग्णांवर झालेल्या ‘क्लास’ या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 साली आले. आजाराशी निगडित जीवनमानात लेझर आणि जुनी शस्त्रक्रिया दोन्ही फोमपेक्षा सरस ठरल्या. म्हणजे नीट केलेले जुने ऑपरेशन टाकाऊ नाही, आणि ज्याच्याकडे एकच यंत्र आहे त्याचा सल्ला त्या यंत्राकडे झुकण्याची शक्यता असते. शक्यतो सगळे पर्याय हाताळणारा, किंवा जे आपल्याकडे नाही त्यासाठी दुसऱ्याकडे पाठवणारा डॉक्टर शोधावा तो याचसाठी.

बारीक जाळीच्या शिरांबद्दल थोडेच सांगायचे आहे. एक मिलिमीटरपेक्षा बारीक असलेल्या या शिरा बहुतेकदा फक्त दिसण्याचा प्रश्न असतात आणि त्यांना उपचार न करणे हाही सन्मान्य पर्याय आहे. मात्र घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखी जाळी पसरली असेल, तिथली त्वचा काळवंडली असेल, खाज येत असेल, तर आत मोठ्या शिरेत बिघाड असू शकतो. तिथे आधी डॉपलर, मग सौंदर्याचा विचार.

राहतो तो सगळ्यात खडतर प्रश्न. व्हॅस्क्युलर सर्जन मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत एकवटलेले. हिंगोली किंवा गडचिरोलीच्या बाईने काय करायचे? तिने शहरातल्या तज्ज्ञाशिवाय उपचारच घेऊ नयेत असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. जिल्ह्याच्या ठिकाणचा अनुभवी जनरल सर्जन नीट डॉपलर करून घेऊन तिचा पाय वाचवू शकतो. पण या आजारात घोट्यावर होणारी जखम महिनोन्‌महिने नुसते ड्रेसिंग करत ठेवू नये. ‘एव्हरा’ या ब्रिटिश अभ्यासात 450 रुग्ण होते. दाबपट्टीबरोबरच दोन आठवड्यांच्या आत शिरेवर उपचार केलेल्यांची जखम भरायला मध्यक धरता 56 दिवस लागले, तर शिरेवरचा उपचार लांबवलेल्यांना 82 दिवस. शेतात उतरणाऱ्या, रोजावर जगणाऱ्या बाईला हे 26 दिवस म्हणजे घरात येणारी मजुरी असते. त्वचेलगतची फुगीर शीर फुटून धारेने रक्त वाहू लागले, तर तिच्या घरच्यांनी मांडीला दोरी आवळू नये. तिला आडवे करावे, पाय उंच धरावा, फुटलेल्या जागेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाबावे आणि दवाखाना गाठावा. आशा सेविकेने हे गावात सांगायला खर्च येत नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस उभे करून डॉपलर करण्याची सोय झाली, तर कोणाला शहरात पाठवायचे आणि कोणावर तिथेच उपचार होतील हे जागेवर ठरेल.

तोवर निवड रुग्णाच्याच हाती आहे. डॉक्टरने पंधरा मिनिटे पाय तपासून ‘आता काही करायला नको, रोज चाला, हे मोजे घाला, सहा महिन्यांनी दाखवा’ असे सांगितले, तर तपासणीची फी वाया गेली असे अनेकांना वाटते आणि ते दुसऱ्या दिवशी लेझरवाल्याकडे जातात. त्या सहा महिन्यांनंतर याच डॉक्टरकडे परत जावे.