करार वाचणारा कामगार

मराठी साहित्यात कामगार प्रामुख्याने दोन रूपांत आला: मोर्चात घोषणा देणारा आणि चाळीच्या खोलीत उपासमार सोसणारा. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'ने (१९६६) त्याच्या भाषेला कवितेत हक्काची जागा दिली. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने संपानंतरची त्याच्या घराची पडझड रंगमंचावर आणली. या लेखनाचे मोल आम्ही जाणतो. तरीही वेतनकराराचा मसुदा पुढ्यात घेऊन हिशेब मांडणारा कामगार आमच्या वाङ्मयात क्वचितच भेटतो. पगाराची बोलणी म्हणजे रुक्ष व्यवहार, असा समज त्यामागे असावा. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यासाठी अमेरिकेतील एक अलीकडचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०२४ मध्ये बोइंग या विमान कंपनीच्या सुमारे ३३,००० कामगारांपुढे चार वर्षांत २५ टक्के वाढ देणारा करार आला. संघटनेच्या नेत्यांनीच तो स्वीकारावा, अशी शिफारस केली होती. ९४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला आणि संप सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये ३५ टक्क्यांचा प्रस्ताव आला. तोही ६४ टक्क्यांनी नाकारला. अखेर नोव्हेंबरच्या आरंभी ३८ टक्के वाढ आणि १२,००० डॉलर एकरकमी देणारा मसुदा ५९ टक्क्यांनी मान्य केला.

या आकड्यांमागे एक चिकित्सक वाचन आहे. पहिल्या मसुद्यात वाढ ठळक होती, पण वार्षिक बोनस काढून घेतलेला होता. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कसे परत जाते, हे कामगारांनी ओळखले. दुसरा प्रश्न निवृत्तिवेतनाचा. जुनी निवृत्तिवेतन योजना त्यांनी २०१४ मध्ये अगदी निसटत्या बहुमताने सोडली होती. ती २०२४ च्या करारातही परत मिळाली नाही. अखेरीस विरोधात मत देणाऱ्या ४१ टक्क्यांना आडमुठे म्हणता येत नाही. त्यांना उद्याची चिंता होती. होकार देणाऱ्यांनाही भित्रे म्हणता येत नाही. सात आठवड्यांहून अधिक काळ पगार नव्हता, सप्टेंबरअखेर कंपनीचा आरोग्यविमाही थांबला होता. दोन्ही बाजू तोच मसुदा वाचत होत्या आणि प्रत्येकाचे वय, घर, कर्ज त्या वाचनात उतरत होते. अर्थनिर्णयनाविषयी वर्गात आम्ही जे सांगतो, ते याहून वेगळे काय असते?

मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र असे मत नोंदवता येत नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार 'प्रातिनिधिक' संघटनेचा, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. संघाने केलेला करार सर्वांवर बंधनकारक असे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच तो कायदा रद्द करावा, हीही त्यांची मागणी होती. त्या संपाची आठवण आम्ही बहुधा पराभवाची कथा म्हणून जपली. आपल्या नावाने होणाऱ्या करारावर आपले मत घेतले जावे, हा त्यातील आग्रह मागे पडला.

हा प्रश्न गिरण्यांबरोबर संपला नाही. आमच्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती नियुक्तिपत्र येते, तेव्हा मोबदल्याची अट आधीच ठरलेली असते. त्याने फक्त सही करायची. पद्व्युत्तर वर्गातील आमचे कित्येक विद्यार्थी उद्या त्याच ओळीत उभे राहणार आहेत. त्यांना कवितेतील मौन वाचायला शिकवताना, मूळ वेतन कोणते, भत्ता कोणता, ग्रॅच्युइटी कशावर मोजली जाते आणि करारात काय लिहिलेलेच नाही, हेही वाचायला शिकवले, तर साहित्याच्या अध्यापनाला कमीपणा येईल, असे आम्हांला वाटत नाही. उलट त्या अध्यापनाची ती एक रास्त परीक्षा ठरेल.