पोलिसांचा बंधुभाव आणि आमचा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आमच्या बापजाद्यांनीं विचारला आणि तोच आज आमच्यापुढें उभा आहे. कुंपण कोणतें तें फोड करून सांगावयास नको. त्याच्या अंगावर खाकी आहे, हातांत दंडुका आहे, आणि त्या दंडुक्याची किंमत आमच्याच करांतून दिलेली आहे.

परभणीची हकीकत सर्वांनीं ऐकली आहे. पण ऐकलेली गोष्ट लवकर विसरते, म्हणून ती तारीखवार मांडतों. ता. १० डिसेंबर २०२४ रोजीं परभणीच्या रेल्वे स्टेशनजवळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशीं असलेल्या राज्यघटनेच्या प्रतिकृतीची एका इसमानें मोडतोड केली. दुसऱ्या दिवशीं शहरांत बंद झाला. त्या बंदांत दगड पडले, जाळपोळ झाली, लोकांचें नुकसान झालें. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. टपरीवाल्याचें पोटहि आमच्याच पोटासारखें आहे. ज्यानें दगड मारला त्याच्यावर खटला भरावा, पुरावा आणावा, शिक्षा द्यावी. आमची हरकत नाहीं. परंतु खटला भरणें निराळें आणि कोठडींत घालून अंग फोडणें निराळें.

पोलिसांनीं माणसें धरलीं. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा तरुण होता. जातीनें वडार, आणि शिकत होता कायदा. आधीं पोलिस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि ता. १५ डिसेंबरला मृत्यु. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदन झालें, तेव्हां डॉक्टरांनीं कारण लिहिलें कीं, अनेक जखमांमुळें बसलेला धक्का.

वडार म्हणजे कोण? ज्यांनीं डोंगर फोडून आमच्या विहिरी बांधल्या, ज्यांच्या हातचीं जातीं-पाटे आमच्या घरांत आहेत, ते हे लोक. महाराष्ट्रांत वडार समाज विमुक्त जातींत मोडतो. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. अशा समाजाचा एक मुलगा कायद्याचें पुस्तक हातीं घेतो, आणि कायद्याच्याच कोठडींतून त्याचें प्रेत बाहेर येतें! कागदावरचा कायदा गेला. दंडुक्यांतला कायदा गेला काय?

त्यावर सरकारचें उत्तर ऐका. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं नागपूरच्या अधिवेशनांत सांगितलें कीं, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढें उभें केलें तेव्हां सोमनाथनें मारहाणीची तक्रार केली नाहीं, चित्रफितींत मारहाण दिसत नाहीं, आणि त्याला श्वासाचा विकार होता. आम्ही खेड्यांतले मास्तर. छडी हातांत घेऊन शेजारीं उभें राहिलें आणि पोराला विचारलें, "बाळ, कांहीं तक्रार आहे काय?", तर पोर काय उत्तर देतें हें आम्हांला चांगलें ठाऊक आहे. धाकानें मिटलेलें तोंड हा पुरावा, आणि डॉक्टरांनीं पाहिलेल्या जखमा हा पुरावा नव्हे, हा कोणत्या देशाचा न्याय?

पुढें न्यायदंडाधिकाऱ्यांनीं चौकशी केली, तींत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदला जाईना. बंदच्या दिवशीं माणसें धरावयास पोलिसांना दिवस पुरला. मेलेल्या पोराच्या आईची तक्रार लिहून घ्यावयास सहा महिने पुरले नाहींत. आई उच्च न्यायालयांत गेली, ॲड. प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूनें उभे राहिले, तेव्हां औरंगाबाद खंडपीठानें ता. ४ जुलै २०२५ रोजीं गुन्हा नोंदविण्याचा हुकूम केला. सरकारनें तो मानावा कीं नाहीं? सरकार त्याविरुद्ध दिल्लीस धांवलें! ता. ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज फेटाळला. गुन्हेगार कोण तें न्यायालय पुराव्यावरून ठरवील. पण तक्रारच लिहूं नये यासाठीं सरकारनें पदरमोड करावी, आणि तो पदरहि आमचाच असावा, याला काय म्हणावें?

येथवर पोलिसांचें आणि सरकारचें झालें. आतां आपलें.

सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच एका निकालांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, कोठडींतल्या माराला पोलिसांवांचून साक्षीदार नसतो, आणि पोलिस बंधुभावानें बांधलेले असल्यामुळें एकमेकांविरुद्ध तोंड उघडीत नाहींत. बंधूंनो, हें नीट ऐका. त्यांचा बंधुभाव एवढा पक्का कीं, खून पचतो. आणि आमचा? गांवांतला माणूस पोलिसांनीं नेला कीं, दुसऱ्या दिवशीं त्याच्या घरचें विरजण मागावयास कोणी जात नाहीं. सोयरा सोयरीक लांबवितो. दुकानदार उधार बंद करतो. "कांहींतरी केलें असेल, उगाच नेतील काय?" असें आम्हीच म्हणतों. तो कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीचा, हें विचारून मग आम्ही हळहळावें कीं नाहीं तें ठरवितों. माळी म्हणतो, तो वडार; वडार म्हणतो, तो पारधी; कुणबी म्हणतो, आपल्याला काय त्याचें! दंडुका मात्र जात विचारून थांबत नाहीं. आज वडाराच्या पाठीवर, उद्यां ऊसदरासाठीं रस्त्यावर बसलेल्या कुणब्याच्या पाठीवर.

कायद्यानें आपल्यासाठीं एक जागा राखून ठेवली आहे, ती आपण रिकामी सोडतों. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं डी. के. बसू यांच्या खटल्यांत नियम घालून दिले; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतहि ते आले आहेत. माणूस पकडतांना पंचनाम्यासारखा कागद झाला पाहिजे, आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागांतील एका प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष पाहिजे. पकडल्याची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला गेली पाहिजे. डॉक्टरनें तपासलें पाहिजे, आणि त्या तपासणीची नक्कल मागतां येते. चोवीस तासांच्या आंत न्यायदंडाधिकाऱ्यापुढें नेलें पाहिजे. चौकशीच्या वेळीं वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. कोठडींतल्या माणसाला त्यासाठीं उत्पन्नाचा दाखलाहि लागत नाहीं.

आतां सांगा, त्या कागदावर साक्ष करावयाचा प्रसंग आला कीं, गांवचे प्रतिष्ठित कोठें असतात? सरपंच परगांवीं जातो, सोसायटीच्या चेअरमनला ताप येतो, आणि आमच्या धंद्याचे लोक नोकरीच्या भयानें शाळेचें दार लावून घेतात. सकाळीं पोरांकडून घटनेची उद्देशिका म्हणवून घ्यावयाची आणि दुपारीं पोलिसांच्या गाडीकडे पाठ फिरवावयाची, हें शिक्षण नव्हे. ही पोपटपंची आहे.

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत आहे. माणूस नेला कीं, त्याच रात्रीं गांवांतले पांच जण ठाण्याच्या दारीं जाऊन बसा. दगड नको, शिवी नको. नुसते बसा आणि नांव, तारीख, वेळ लिहून ठेवा. न्यायालयांत नेतील तेव्हां आईबाप आणि वकील तेथें हजर असूं द्या, म्हणजे त्याच्या तोंडाला बळ येईल. दारीं माणसें बसलेलीं दिसलीं कीं, उगारलेला हात दोनदां विचार करतो. ज्याचा माणूस तुरुंगांत आहे त्याच्या रानांत इर्जिक घाला, त्याच्या घरीं शेर-पायली धान्य पोंचवा, त्याचीं पोरें शाळेंतून काढूं देऊं नका. पेरणीला बैल अडले तर आपण जातों. माणूस अडला तर कां जाऊं नये?

परभणीच्या लोकांनीं हा धडा घालून दिला आहे. १७ जानेवारी २०२५ रोजीं तेथून मुंबईकडे पायीं मोर्चा निघाला. नाशिकपर्यंत लोक चालत आले, आणि फेब्रुवारींत आश्वासन घेऊन थांबले. आश्वासनाची किंमत काय झाली ती जुलैपर्यंत सर्वांनीं पाहिली. हुकूम आणावा लागला तो न्यायालयाचाच. आणि त्या आईचें काय सांगावें! सरकारनें दहा लाख रुपये पुढें केले. मोलमजुरीच्या घराला दहा लाख म्हणजे काय, हें आम्हां तुम्हांला कळतें. तिनें ते घेतले नाहींत. न्याय द्या म्हणाली.

एकटी बाई दहा लाखांना नाहीं म्हणते, आणि अख्खा गांव एका साक्षीला भितो! बंधूंनो, पोलिसांच्या बंधुभावाला उतारा एकच, आणि तो म्हणजे आपला बंधुभाव. तो ज्या दिवशीं ठाण्याच्या दारीं जाऊन बसेल, त्या दिवशीं कुंपण पुन्हां कुंपणासारखें वागूं लागेल.

— एक खेडेगांवचा शिक्षक